वर्गातला खोडकर मुलगा रात्री किती झोपतो?

डायरीतले शेरे सगळ्या शाळांत साधारण सारखेच असतात. 'वर्गात सतत चुळबुळ करतो.' 'शेजारच्या मुलाला मारलं.' 'फळ्यावरचं उतरवून घेत नाही.' 'उलट उत्तरं देतो.' पालक सभेत आई खाली मान घालून बसते, घरी बाबांचा आवाज चढतो, मोबाइल आठवडाभर कपाटात जातो आणि पुढच्या सोमवारी डायरीत नवा शेरा येतो. या गडबडीत एक साधा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो: आदल्या रात्री हे मूल किती वाजता झोपलं होतं?

महाराष्ट्रात हा प्रश्न सरकारी पातळीवर तरी विचारला गेला. मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळांचा विचार करा, असं तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. ज्या शाळांना ते जमणार नाही त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट ठेवली होती. मग स्कूलबसवाल्यांचं गणित बिघडलं, दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना वर्गखोल्या पुरेनात, नोकरीवर जाणाऱ्या आईबाबांना 'मुलाला सोडायचं कोणी' हा पेच पडला. सगळी चर्चा वेळापत्रकावर गेली. झोप कमी पडली की वागणं का बिघडतं आणि घरी त्याचं काय करायचं, हे बाजूलाच राहिलं. इथे तेच बघू.

आधी वहीवर हिशेब

अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये वयानुसार झोपेचे तास सांगितले. बालरोगतज्ज्ञ सहसा तेच धरून चालतात. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून २४ तासांत १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ तास, आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास.

समजा दुसरीतला एक मुलगा आहे. व्हॅनवाले काका पावणेसातला येतात, म्हणून सहाला उठवणं आलं. बाबा कामावरून साडेनऊला येतात, जेवणं दहाला, मग थोडा टीव्ही, थोडी मस्ती. डोळा लागेपर्यंत पावणेअकरा. झोप झाली सव्वासात तास. त्याच्या वयाला कमीत कमी ९ लागतात, म्हणजे रोज पावणेदोन तासांची उधारी. सोमवारी सुरू झालेली ही उधारी शुक्रवारी पावणेनऊ तासांवर जाते. एक अख्खी रात्र हे मूल झोपलेलं नाही, आणि शुक्रवारच्या शेवटच्या तासाला आपण त्याच्याकडून शुद्धलेखनाची अपेक्षा करतो आहोत.

रविवारी दहा वाजेपर्यंत लोळून थोडी परतफेड होते. पण त्यामुळे रविवारी रात्री झोप आणखी लांबते. सोमवारचे शेरे सगळ्यात वाईट का असतात, त्याचं एक उत्तर इथेच सापडतं.

झोप येते ती दोन गोष्टींच्या जोरावर

झोप बटण दाबून लागत नाही. दोन वेगवेगळ्या व्यवस्था जुळून याव्या लागतात. ही मांडणी स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये केली आणि आजही तीच वापरतात.

पहिली व्यवस्था भुकेसारखी आहे. जितका वेळ जागे राहू तितकी झोपेची भूक वाढते. मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन दिवसभर साठत जातं आणि झोपेत त्याचा निचरा होतो. संध्याकाळी सहाला वडापाव खाल्ला तर रात्री वरणभात कोणाला जाणार? तसंच, बालवाडीतून येऊन जे मूल तीन ते साडेपाच झोपतं ते रात्री दहाला टक्क जागं असतं. त्यात त्याचा हट्ट नसतो, त्याला झोपेची भूकच लागलेली नसते. आणि चहा? आपल्याकडे चहा-चपाती, चहा-बिस्किट हा मुलांचा अगदी सर्रास नाश्ता. चहातलं कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. ॲडेनोसिन आत आलेलं असतं, पण त्याला बसायला जागा नाही, म्हणून झोप जाणवत नाही. पाच वाजताच्या चहातला बराचसा रुमाल रात्री नऊलाही सीटवरच असतो.

दुसरी व्यवस्था म्हणजे शरीरातलं घड्याळ. अंधार पडू लागला की हे घड्याळ मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडतं. त्याने गुंगी येते असा सार्वत्रिक समज आहे. खरं तर ते दवंडी पिटतं की रात्र झाली, आता आवराआवर करा. लख्ख प्रकाश असला की ही दवंडी दबते, आणि मुलांमध्ये जास्त दबते. जपानमधल्या २०१४ च्या एका लहानशा प्रयोगात ट्यूबलाइटच्या उजेडात मोठ्यांचं मेलाटोनिन ४६ टक्क्यांनी घटलं, तर शाळकरी मुलांचं ८८ टक्क्यांनी. मुलांची बुबुळाची खिडकी मोठी आणि डोळ्यातलं भिंग जास्त स्वच्छ, म्हणून प्रकाश जास्त आत जातो. मोबाइलला आपण रोज शिव्या घालतो, पण हॉलमधली ट्यूबलाइट त्यातून सहज सुटते.

या घड्याळाची एक खोडी माहीत नसेल तर रोज रात्री भांडणं होतात. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी तास-दोन तास शरीर उलट जास्त तरतरीत असतं. विझण्याआधी दिव्याची ज्योत फडफडते ना, तसं. रोज अकराला झोपणाऱ्या मुलाला तुम्ही आज एकदम नऊला अंथरुणात घातलंत तर तुम्ही त्याला नेमकं त्या फडफडीच्या वेळेत झोपवायला बघता आहात. ते उड्या मारणार, पाणी मागणार, पांघरूण लाथाडणार. मग आपण निष्कर्ष काढतो की याला झोपच कमी लागते.

दमलेलं मूल पेंगत का नाही?

मोठ्या माणसाची झोप कमी झाली की ते पेंगतं. मुलांमध्ये बरेचदा उलटं दिसतं, आणि सगळी फसगत इथेच होते. रात्रीचा ट्रक ड्रायव्हर डोळा लागू नये म्हणून मोठ्याने गाणी लावतो, तंबाखू मळतो, काच खाली करतो. झोपाळू मूल वर्गात तेच करत असतं असं झोपेचे डॉक्टर समजावतात. पाय हलवणं, पेन्सिल चावणं, पुढच्याला ढोसणं ही स्वतःला जागं ठेवण्याची त्याची धडपड असते. बाईंना दिसते ती मस्ती.

दुसरं कारण मेंदूच्या पुढच्या भागात आहे. कपाळामागचा हा भाग म्हणजे वर्गातला मॉनिटर. 'थांब', 'हात वर कर आणि मग बोल', 'त्याने ढकललं तरी तू ढकलू नकोस' ही कामं त्याची. मुलांमध्ये हा मॉनिटर अजून उमेदवारीच करत असतो, आणि झोप कमी पडली की आधी तोच डुलक्या घेतो. राग आणि भीतीची घंटा वाजवणारा भाग मात्र जागाच असतो, किंबहुना जास्त संवेदनशील होतो. खोडरबर कोणी न विचारता घेतलं एवढ्यावरून रडारड होते ती यामुळे.

हे तपासून पाहिलेलं आहे. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये ७ ते ११ वर्षांच्या ३४ निरोगी मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये छापून आला. काही मुलांना पाच रात्री नेहमीपेक्षा लवकर झोपवलं, काहींना उशिरा. कोण कोणत्या गटात आहे हे शिक्षकांना सांगितलं नव्हतं. लवकर झोपलेल्यांची झोप सरासरी फक्त २७ मिनिटांनी वाढली होती. तेवढ्यावरसुद्धा शिक्षकांनी त्यांच्या चंचलपणाला आणि चिडचिडीला आधीपेक्षा बरे गुण दिले. ज्यांची झोप ५४ मिनिटांनी घटली होती त्यांचे गुण घसरले. २७ मिनिटं म्हणजे मालिकेचा जाहिरातींसकट एक भाग.

सगळ्यात आधी श्वास ऐका

वेळापत्रकाच्या मागे लागण्याआधी एक काम करा. मूल गाढ झोपल्यावर, साधारण मध्यरात्रीनंतर, त्याच्याजवळ दहा-पंधरा मिनिटं बसा आणि ऐका.

'घोरतोय म्हणजे छान झोप लागली आहे' हे वाक्य मी स्वतः लहानपणी कौतुकाने ऐकलं आहे, आणि ते चुकीचं आहे. सर्दी झालेली असताना मूल घोरलं तर हरकत नाही. पण आठवड्यातून तीनपेक्षा जास्त रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मान मागे टाकून विचित्र कोनात झोपत असेल, अंग घामाने भिजत असेल, आणि मुख्य म्हणजे श्वास मध्येच थांबून मग दचकून धाप घेतल्यासारखा पुन्हा सुरू होत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवायचंच. कोरडं झालेल्या मुलाने पुन्हा अंथरूण ओलं करायला सुरुवात करणं हीसुद्धा याची एक खूण असू शकते.

होतं असं की नाकाच्या मागच्या बाजूला असणारी ॲडेनॉइडची गाठ आणि घशातले टॉन्सिल या वयात मोठे असतात. जागेपणी स्नायू ताठ असल्याने हवेची वाट उघडी राहते. झोपेत ते सैलावतात आणि वाट बुजते. श्वास अडला की मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर असं अनेकदा होतं. मुलाला सकाळी काहीच आठवत नाही. अंथरुणात दहा तास घालवूनही झोप पुरी झालेली नसते. यालाच झोपेतला श्वासरोध म्हणतात आणि साधारण १०० पैकी १ ते ५ मुलांना तो असतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एखाद-दुसरं मूल धरायला हरकत नाही.

आता शाळेतल्या वागण्याशी संबंध. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टॉन्सिल-ॲडेनॉइडची शस्त्रक्रिया होणार असलेल्या मुलांपैकी २२ जणांना एडीएचडीचं निदान लागू पडत होतं. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा एकत्र असणारी, मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था. शस्त्रक्रियेनंतर वर्षाने त्यातल्या ११ जणांना ते निदान लागू पडेनासं झालं.

यावरून लगेच सर्जनकडे धावू नका. पुढे ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर जास्त काटेकोर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचं वागणं, झोप आणि एकूण आयुष्य सुधारल्याचं दिसलं, पण लक्ष आणि नियोजन मोजणाऱ्या परीक्षेत मोठा फरक पडला नाही. आणि ज्यांना नुसतं देखरेखीखाली ठेवलं होतं त्यांच्यापैकी ४६ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांत आपोआप सामान्य झाली. म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना 'लगेच करायलाच हवं का, थोडं थांबून बघता येईल का' हे विचारायला संकोच करू नका. जाताना मुलाच्या झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. दवाखान्यात मूल जागं असतं, त्यामुळे डॉक्टरांना घोरणं ऐकायला मिळत नाही.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लोह. काही मुलं अंथरुणात पडली की पाय आपटत राहतात, 'पायात मुंग्या चालतात', 'पाय चेपून दे' म्हणतात. आपण त्याला वाढीच्या वेदना म्हणून सोडून देतो. शरीरातला लोहाचा साठा कमी असेल तर पायांची ही अस्वस्थता वाढते. देशाच्या पाचव्या कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात ५ वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, हे लक्षात घेतलं तर ही शक्यता आपल्याकडे अजिबात लांबची नाही. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासायला सांगा. लोहाचं औषध मात्र मनाने सुरू करायचं नाही. आणि जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, हा चहाचा दुसरा उद्योग.

'जात नाही' की 'लागत नाही'?

श्वास आणि पाय ठीक असतील तर मग सवयींकडे वळा. इथे पहिला फरक ओळखायचा. काही मुलं अंथरुणाला पाठ टेकताच झोपतात, पण अंथरुणापर्यंत पोहोचतच नाहीत. काही मुलं दहाला आडवी होतात आणि अकरापर्यंत छताकडे बघत पडतात. दोघांवरचा उपाय वेगळा आहे.

पहिल्या प्रकारच्या मुलाची अडचण म्हणजे घराचं वेळापत्रक. त्याचं जेवण मोठ्यांपासून सोडवा. बाबांची वाट न बघता आठला त्याला वाढा. झोपेआधीचा अर्धा तास रोज अगदी त्याच क्रमाने जाऊ द्या: दात, शू, कपडे, गोष्ट, दिवा. क्रम कोणताही चालेल, तो रोज बदलता कामा नये. आरतीनंतर प्रसाद येणार हे मुलांना जसं न सांगता कळतं, तसं गोष्टीनंतर झोप हे त्यांच्या अंगवळणी पडतं.

दुसऱ्या प्रकाराला लवकर झोपवण्याचा आग्रह केला तर गाडी आणखी रुतते. अंथरूण म्हणजे तासभर चाललेलं भांडण, अशी गाठ मनात पक्की होते. इथे उलटा उपाय करतात. मूल प्रत्यक्षात अकराला झोपत असेल तर काही दिवस त्याला अकरालाच अंथरुणात न्यायचं. तोवर मंद उजेडात शांत खेळ किंवा वाचन. पडल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत झोपू लागलं की दर दोन-तीन दिवसांनी वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. पावणेअकरा, साडेदहा, सव्वादहा. उठण्याची वेळ मात्र रोज तीच, रविवारीसुद्धा फार तर तासभर जास्त. हा उपाय सुट्टीच्या दिवसांत सुरू केलेला बरा. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपण्याआधीचे दोन-तीन आठवडे त्याला उत्तम. आजी पहिल्या दिवशी म्हणणार, 'अगं, उशिरा झोपवतेस काय!' त्यांना हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बेत बारगळतो.

वारंवार उठून येणाऱ्या मुलासाठी एक गमतीदार युक्ती आहे. अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञांनी ती १९९९ मध्ये मांडली. झोपताना मुलाला एक पास द्यायचा, पुठ्ठ्याचा, त्याच्याच हाताने रंगवलेला. रात्रीतून एकदा त्या पासवर बाहेर यायची परवानगी: पाणी, शू, एक मिठी, काहीही. वापरला की पास जमा. मग पुन्हा उठलं तर न बोलता, न रागावता अंथरुणात पोहोचवायचं. मुलं सहसा पास राखून ठेवतात, न जाणो नंतर लागला तर! आणि राखता राखता झोपून जातात.

रात्री दचकून किंचाळत उठणाऱ्या मुलांबद्दल थोडक्यात. झोपल्यापासून दोन-तीन तासांत मूल उठून बसतं, किंचाळतं, डोळे उघडे, पण आईला ओळखत नाही आणि सकाळी काही आठवत नाही. घरात मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. ओवाळा, बिघडत काही नाही. पण हा गाढ झोपेतून अर्धवट जागं होण्याचा प्रकार आहे आणि झोप अपुरी असेल तर तो वाढतो. त्या वेळी हलवून जागं करू नका, इजा होणार नाही एवढं बघा. पहाटेकडे पडणारी वाईट स्वप्नं वेगळी. ती मुलाला आठवतात, तो सांगू शकतो, तेव्हा ती ऐकून घ्यावीत.

'आमचं घर एका खोलीचं आहे'

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. झोपेवरचे बहुतेक सल्ले मुलाची स्वतंत्र खोली गृहीत धरूनच लिहिलेले असतात. दहा बाय बाराच्या खोलीत आजोबांच्या बातम्या, ताईचा अभ्यास आणि भांड्यांचा आवाज एकत्रच असतो.

अशा घरात आवाजापेक्षा उजेड आधी आवरा. एकसुरी आवाजाची मुलांना सवय होते, पंख्याच्या आवाजात ती झोपतातच. साडेआठनंतर मोठी ट्यूब बंद करून एक पिवळा, कमी वॉटचा दिवा लावा. टीव्ही बंद होणार नसेल तर मुलाचं अंथरूण असं घाला की पडदा त्याच्या पाठीमागे येईल. जुन्या साडीचा आडपडदासुद्धा काम करतो.

मुंबई-कोकणाकडे सूर्यही आपल्याला साथ देत नाही. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावरून ठरते आणि मुंबईची सूर्यावरची वेळ त्याच्या ३९ मिनिटं मागे आहे, म्हणजे घड्याळाच्या मानाने इथे सूर्य उशिरा मावळतो. १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची वेगळी वेळ होती ती त्याचमुळे. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतभरची आकडेवारी तपासून दाखवलं की सूर्यास्त तासभर उशिरा असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, कारण ती झोपायला उशिरा जातात पण शाळेची घंटा सगळीकडे त्याच वेळेला वाजते.

'आम्ही नाही का पहाटे उठून शाळेत गेलो?'

गेलात. पण तुम्ही रात्री नऊला झोपत होतात. दूरदर्शनच्या बातम्या संपल्या की घर शांत व्हायचं. 'लवकर निजे, लवकर उठे' यातला पहिला भाग आपण सोडून दिला आणि दुसरा मुलांवर लादला. शिवाय तुमच्या वर्गातही बाकावर उभी राहणारी, रोज छडी खाणारी चार मुलं होतीच. ती रात्री किती झोपत होती हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

'शाळा उशिरा केली तर ही आणखी उशिरा झोपतील'

शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने २०१६ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळेची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. मनगटी यंत्रं लावून मोजलं तर मुलं रोज सुमारे ३४ मिनिटं जास्त झोपू लागली होती. म्हणजे मिळालेल्या ५५ मिनिटांतली बरीचशी झोपेतच गेली. पण ती किशोरवयीन मुलं होती. त्या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. पहिली-दुसरीतल्या मुलाचं तसं नसतं, त्यामुळे घराने झोपायची वेळ सैल सोडली तर ९ ची शाळा काहीच देणार नाही. सरकार घंटा पुढे ढकलू शकतं, घरातला दिवा कोणी मालवायचा हे त्याच्या हातात नाही.

'मग एडीएचडी वगैरे सगळं खोटंच?'

अजिबात नाही, आणि या लेखाचा कोणी तसा अर्थ काढला तर मला वाईट वाटेल. एडीएचडी खरी अवस्था आहे, औषधांनी पुष्कळ मुलांना फायदा होतो. अडचण अशी की या मुलांना झोपेचा त्रासही इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एडीएचडी असलेल्या ५ ते १२ वर्षांच्या २४४ मुलांवर चाचणी झाली. निम्म्या मुलांच्या पालकांना झोपेच्या सवयींबद्दल दोन बैठका आणि एक फोन, एवढीच मदत दिली. २०१५ मध्ये निष्कर्ष आला की झोप सुधारलीच, शिवाय एडीएचडीची लक्षणंही थोडी कमी झाली आणि सहा महिन्यांनीही फरक टिकून होता. चालू औषध मनाने बंद करायचं नाही. झोपेची चौकशी निदानाच्या आधी व्हावी आणि निदानानंतरही थांबू नये.

उलटी वाटही लक्षात ठेवा. कधी झोपेने शाळा बिघडत नाही, शाळा झोप बिघडवते. शुक्रवार-शनिवारी मूल पटकन झोपतं, पण रविवारी रात्री पोट दुखतं, पुन्हा पुन्हा उठतं, 'उद्या सुट्टी आहे का' विचारतं. तिथे दिवा आणि चहा बाजूला ठेवा आणि शाळेत काय चाललं आहे ते हळूच काढून घ्या. कोणी चिडवतं आहे, शौचालय घाण असल्याने दिवसभर लघवी दाबली जाते आहे, व्हॅनमधली मोठी मुलं त्रास देतात, वाचताच येत नाही म्हणून मोठ्याने वाचायची भीती आहे, काहीही असू शकतं. अशा मुलाला गोष्ट सांगून झोपवता येणार नाही.

'ऑनलाइन गोळ्या मिळतात की'

मेलाटोनिनच्या रंगीत, गोड, चघळायच्या गोळ्या आता घरपोच येतात. अमेरिकेत २०२३ मध्ये अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली. डबीवर लिहिलेल्या मात्रेच्या तुलनेत प्रत्यक्षातलं मेलाटोनिन ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत निघालं. तिथल्याच विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन गिळल्याच्या नोंदी २०१२ ते २०२१ या काळात ५३० टक्क्यांनी वाढल्या. काही मुलांना, विशेषतः स्वमग्नता असलेल्यांना, डॉक्टर हे औषध देतात, ते मात्रा आणि वेळ ठरवूनच. सर्दीचं गुंगी आणणारं औषध 'शांत झोपेल' म्हणून एक चमचा देण्याची पद्धतही आपल्या घरांत आहे. ती सोडा.

बाईंशी बोलण्याआधी

पालक सभेला जाताना हातात वही असू द्या. दोन आठवडे रोज पाच गोष्टी लिहायच्या: दिवा किती वाजता मालवला, डोळा साधारण कधी लागला, रात्री काय झालं, सकाळी स्वतःहून उठला की उठवावं लागलं, आणि डायरीत काय शेरा आला. मग बाईंना विचारायचं की त्रास कोणत्या तासाला जास्त होतो. पहिल्या दोन तासांत सगळं गोठलेलं आणि मधल्या सुट्टीनंतर वादळ, की दिवसभर सारखंच? झोपेचं कारण असेल तर वहीतल्या वाईट रात्री आणि डायरीतले शेरे बरेचदा एकापाठोपाठ येतात. एक विनंतीही करा: शिक्षा म्हणून खेळाचा तास काढून घेऊ नका. मैदानावरचं ऊन शरीराचं घड्याळ लावून देतं आणि पळापळ झोपेची भूक वाढवते. ते काढून घेतलं की त्या रात्रीची झोपही जाते.

पण सभेच्या आधीचे पाच दिवस माँट्रियलचा प्रयोग घरी करून बघता येतो. पटकन झोप लागणाऱ्या मुलाला सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज अर्धा तास आधी झोपवा. बाकी काहीही बदलू नका. आणि बाईंना त्याबद्दल एक शब्दही सांगू नका, शेरा काय येतो ते बघा.